व्यसनप्रतिबंधक कार्यक्रमांचे मूल्यमापन : करिअर म्हणून कसे आहे?

मधली_ओळ

नमस्कार. माझे पदव्युत्तर शिक्षण संख्याशास्त्रातले असून गेली काही वर्षे मी आरोग्यविषयक सर्वेक्षणांच्या विश्लेषणाचे काम करते आहे. आता एका संशोधन संस्थेकडून वेगळ्या कामाची विचारणा झाली आहे. शाळा, कुटुंबे आणि वस्त्या यांच्यासाठी सार्वजनिक निधीतून जे व्यसनप्रतिबंधक कार्यक्रम चालवले जातात, त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासण्याचे हे काम आहे. व्यसनमुक्ती केंद्रे किंवा उपचार यांचा त्यात समावेश नाही. ज्यांनी तंबाखू, दारू किंवा इतर अमली पदार्थांना अजून हात लावलेला नाही, किंवा नुकताच लावला आहे, त्यांच्यासाठीचे हे कार्यक्रम आहेत.

काम आवडेल असे वाटते, पण एक शंका मन सोडत नाही. या क्षेत्रातले जे अहवाल मी वाचले, त्यांतल्या बहुतेकांचा शेवट 'लक्षणीय फरक आढळला नाही' असा होता. ज्यांनी जीव ओतून कार्यक्रम राबवला, त्यांना वर्षानुवर्षे हेच सांगत राहायचे का? आणि सांगितले तरी ते कोणी ऐकते का? या क्षेत्रात काम केलेल्यांनी, किंवा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्यांनीही, आपले मत द्यावे ही विनंती.

शंकेखोर

'या विषयावर आणखी संशोधनाची आवश्यकता आहे' या वाक्यासाठी कळफलकावर एक स्वतंत्र कळ बसवून घ्या. बाकी करिअर उत्तम आहे.

पाणवठा

शंकेखोर यांची कळ माझ्याकडे आहे, आणि ती झिजत आली आहे.

आता गांभीर्याने. 'कोणी ऐकते का' या प्रश्नाचे माझे उत्तर 'ऐकतात, पण फार उशिरा' असे आहे. अमेरिकेतला 'डेअर' हा कार्यक्रम १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके समजावून सांगे आणि नकार कसा द्यायचा हे शिकवत असे. पालकांना तो आवडला, शाळांना आवडला, निवडणुका लढवणाऱ्यांना तर विशेषच आवडला, आणि थोड्याच वर्षांत तो देशभर पसरला. १९९४ साली तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा पदार्थांच्या प्रत्यक्ष वापरावर त्याचा परिणाम अगदी किरकोळ असल्याचे दिसले. १९९९ साली, ज्यांनी शाळेत हा कार्यक्रम घेतला होता त्यांचा दहा वर्षांनंतरचा मागोवा प्रसिद्ध झाला आणि त्यातही फरक दिसला नाही. तरीही मूळ अभ्यासक्रम बाजूला ठेवून तो चालवणाऱ्या संस्थेने दुसरीकडे तयार झालेला अभ्यासक्रम स्वीकारायला २००९ साल उजाडले, आणि त्या नव्या अभ्यासक्रमाला तरी त्या वयोगटासाठी पुरेसा पुरावा आहे का, यावरून पुन्हा वाद झालेच.

या उशिराचे खापर केवळ राजकारणावर फोडणे मला पटत नाही. तो कार्यक्रम पोलीस आणि शाळा यांच्यात ओळख निर्माण करत होता, 'आम्ही काहीतरी करतो आहोत' हे पालकांना दाखवत होता, आणि या दोन्ही गोष्टी लोकांना हव्या होत्या. आपण मोजत होतो व्यसन. लोक पैसे देत होते दिलाशासाठी. नोकरी घेण्यापूर्वी हे ध्यानात असू द्या, म्हणजे पुढे चिडचिड कमी होते.

गोरखचिंच

मी टेबलाच्या पलीकडचा. माध्यमिक शाळेत शिकवतो आणि असे दोन वेगवेगळे कार्यक्रम माझ्या वर्गात राबवले आहेत.

माझा अनुभव असा की मूल्यमापन करणारे वर्षाच्या सुरुवातीला येतात, दोन तासिका घेऊन लांबलचक प्रश्नावली भरून घेतात, वर्षअखेरीस पुन्हा येतात, आणि पुढे त्या अहवालाचे काय झाले हे शाळेला कधीच कळत नाही. एकदा तर आम्हाला आमच्याच कार्यक्रमाचा निकाल वर्तमानपत्रातून कळला. दुसरे असे की, चाळीस मुलांच्या वर्गातला एक मुलगा जरी त्या तासांमुळे सावरला, तरी माझ्या दृष्टीने कार्यक्रम यशस्वी आहे. तुमच्या सरासरीत तो मुलगा दिसणार नाही. म्हणून मूल्यमापनच नको, असे मी म्हणत नाही, पण 'फरक आढळला नाही' हे वाक्य लिहिताना हात थोडा थरथरायला हवा.

अनुमान

गोरखचिंच सर, शाळेला निकाल न कळवणे ही गंभीर चूक आहे आणि त्याबद्दल तुमचा राग रास्तच आहे. हल्लीच्या चांगल्या करारांत शाळांना आधी निकाल सांगण्याची अट असते. नसेल तर ती घालून घ्यावी.

पण 'एक मुलगा सावरला तरी पुरे' या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे कार्यक्रमाने कोणाचे नुकसान होत नाही. हे गृहीतक अनेकदा खोटे ठरलेले आहे. 'अनप्लग्ड' नावाचा शालेय कार्यक्रम युरोपातल्या सात देशांत तपासला गेला होता आणि तिथले निकाल आशादायक होते. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने तो आपल्या शाळांसाठी बदलून घेतला आणि सहा शहरांतल्या ७२ शाळांत यादृच्छिक चाचणी घेतली, म्हणजे कोणत्या शाळांत कार्यक्रम घ्यायचा आणि कोणत्या तुलनेला ठेवायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. कार्यक्रम झालेल्या शाळांत नव्याने दारू चाखणाऱ्या मुलांचे प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा जास्त निघाले. मुलांना तास आवडत होते, शिक्षक मनापासून शिकवत होते. तुलना गट नसता, तर तोच कार्यक्रम सगळ्या देशभर गेला असता आणि प्रत्येक शाळेत सावरलेला एखादा मुलगा दाखवताही आला असता. तिथे त्या निकालानंतर पाठ बदलून नवी आवृत्ती तयार केली गेली आणि तीही पुन्हा चाचणीला लावली गेली. धागाकर्तीने 'कोणी ऐकते का' असे विचारले आहे, तर हे ऐकल्याचे उदाहरण आहे.

याहून जुना दाखला केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासाचा. १९३९ साली मुले वाममार्गाला लागू नयेत म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये तो सुरू झाला. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या, नाणे उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत द्यायची असे ठरवले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या मुलांना समुपदेशन, शिकवण्या, उन्हाळी शिबिरे असे सगळे पुरवले. गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी ही मुले मध्यमवयीन झाल्यावर त्यांचा मागोवा घेऊन १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जण 'आम्हाला फार उपयोग झाला' असे सांगत होते. पण मद्यासक्तीच्या लक्षणांसह अनेक बाबतींत त्यांची स्थिती मदत न मिळालेल्या जोडीदारांपेक्षा वाईट होती. तेव्हा कार्यक्रमाच्या शेवटी भरून घेतल्या जाणाऱ्या 'तुम्हाला हे सत्र कसे वाटले' या फॉर्मकडे मी फारशा आदराने पाहू शकत नाही.

गोरखचिंच

वाचून अस्वस्थ झालो. पण दारू पिऊ नका असे सांगितल्याने मुले दारू पिऊ लागतात, हे घडते तरी कसे?

रानजाई

सर, एका कारणाने घडत नाही, पण जी कारणे वारंवार पुढे येतात ती अशी. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या डोक्यात हा विषय नसतानाच आपण तो आणतो. 'मित्राने आग्रह केला तर काय कराल' असे दहा वेळा विचारले की मुलाला वाटू लागते, मित्र आग्रह करतातच, म्हणजे सगळेच घेत असावेत. अमेरिकेत १९९८ पासून चाललेल्या तरुणांसाठीच्या मोठ्या जाहिरात मोहिमेत असेच झाले असावे, असा तिच्या मूल्यमापकांचा कयास होता. जाहिराती मुलांना आठवत होत्या, पटतही होत्या, परंतु गांजाच्या वापरावर अनुकूल परिणाम दिसला नाही आणि काही विश्लेषणांत तर उलट परिणामाची चिन्हे होती. शंभर कोटींहून अधिक डॉलर खर्चाची ती मोहीम होती.

दुसरे कारण गटाचे. अधिक जोखमीची मुले निवडून त्यांना एकत्र बसवले की ती एकमेकांना शहाणपण शिकवतीलच असे नाही. एकाने पराक्रम सांगितला, बाकीचे हसले, की तिथे त्या वागण्याला बक्षीस मिळते. अशा गटांच्या कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना मी सत्राच्या मागच्या बाकावर बसून कोणत्या वाक्याला हशा मिळतो याची नोंद ठेवते. प्रश्नावलीपेक्षा त्या वहीतून मला जास्त कळते.

तीन_दशांश

मधली_ओळ, तुम्ही संख्याशास्त्रातल्या आहात म्हणून रोजच्या कामाबद्दल लिहितो, कारण या धाग्यावर अजून कोणी त्याला हात घातलेला नाही.

पहिली गोष्ट, कार्यक्रमाच्या आणि तुलनेच्या गटांत वाटप शाळांचे होते आणि मोजमाप मुलांचे. एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे २००० मुलांचा नमुना दिसतो तेवढा मोठा नसतो. दर शाळेत १०० मुले आणि शाळांतर्गत सहसंबंध (एका शाळेतली मुले एकमेकांसारखी किती, याचे माप) ०.०२ इतका नगण्य धरला, तरी नमुन्याची परिणामकारकता जवळजवळ एक तृतीयांशावर येते, म्हणजे हातात सुमारे ६७० मुलांएवढीच माहिती उरते. निधी देणाऱ्याला मुलांची संख्या वाढवणे सोपे वाटते, आणि आपल्याला हव्या असतात अधिक शाळा. माझ्या बैठकांतला मोठा वेळ याच समजावणीत जातो.

दुसरी गोष्ट गळती. एंडलाइनच्या, म्हणजे कार्यक्रमानंतरच्या मोजणीच्या, दिवशी जी मुले गैरहजर असतात किंवा शाळा सोडून गेलेली असतात, नेमकी त्यांच्यातच वापराचे प्रमाण जास्त असते. जी मुले हाताशी राहिली त्यांच्यावरून काढलेला निकाल त्यामुळे गुळगुळीत होतो. पालकांची लेखी संमती सक्तीची केली की हीच अडचण बेसलाइनलाच, म्हणजे कार्यक्रमापूर्वीच्या मोजणीतच, येते, कारण ज्यांच्या घरी फॉर्मवर सही करायला कोणी जागेवर नाही ती मुले सुरुवातीलाच गळतात. संमती घेऊ नये असे मी म्हणत नाही. तिची ही किंमत अहवालात लिहावी लागते.

तिसरी गोष्ट, मुले खरे सांगतात का? नाव न लिहिता दोन वेळच्या प्रश्नावल्या जोडायच्या म्हणजे आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेचा दिवस अशा उत्तरांतून मुलानेच तयार केलेला संकेत वापरतात, आणि दरवेळी काही संकेत जुळत नाहीत. गेल्या वर्षी 'कधीतरी ओढली आहे' म्हणणारा यंदा 'कधीच नाही' म्हणतो, हेही सर्रास घडते. युरोपातल्या 'एस्पॅड' या शालेय पाहणीत 'रेलेव्हिन' या अस्तित्वातच नसलेल्या पदार्थाचे नाव यादीत घालत असत. ते घेतल्याचे सांगणारी मुले फार नसतात, ही दिलाशाची गोष्ट आहे.

आणि चौथी, जिच्याकडे कोणी पाहत नाही: कार्यक्रम प्रत्यक्षात झाला का? बारा सत्रे कागदावर असतात, परीक्षा जवळ आली की त्यांतली सात होतात, आणि भूमिकाभिनयाची सत्रे सर्वांत आधी वगळली जातात, कारण त्यांनी वर्गात गोंधळ होतो. मग 'फरक आढळला नाही' याचा अर्थ कार्यक्रम निरुपयोगी असा घ्यायचा, की तो झालाच नाही असा? सत्रांची पाहणी आराखड्यात नसेल तर या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

शंकेखोर

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी मोठ्या अभिमानाने 'रेलेव्हिन रोज घेतो' असे लिहिले असते.

पाणवठा

म्हणूनच त्या मुलांच्या बाकीच्या उत्तरांकडेही संशयाने पाहायचे असते. सापळा त्यासाठीच.

उंबरठा

इथली चर्चा वाचून असा समज होईल की नियंत्रण गटाशिवाय, म्हणजे तुलना गटाशिवाय, मूल्यमापन होतच नाही. मला ते मान्य नाही. आइसलँडचे पाहा. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. नियमित पाहणी, तिचे निकाल काही आठवड्यांत त्याच शाळेपुढे आणि पालकांपुढे मांडणे, खेळ आणि कलांसाठी अनुदान, संध्याकाळी मुलांनी घराबाहेर राहण्यावर मर्यादा, असा सगळ्या समाजाचा प्रयत्न होता. याची यादृच्छिक चाचणी कशी घेणार? अख्खा देश नाणे उडवून वाटता येत नाही.

अनुमान

आइसलँडचे आकडे प्रभावी आहेतच, पण त्याच काळात किशोरवयीनांचे मद्यपान आणि धूम्रपान इतर अनेक देशांतही घटले, आणि तिथे हे प्रारूप नव्हते. मग घटीतला किती वाटा प्रारूपाचा आणि किती काळाचा? श्रेय सगळेच्या सगळे एका प्रारूपाला देऊन ते इतर देशांना विकले जाते तेव्हा मला अडचण वाटते.

देशभराच्या उपायाचेही चोख मूल्यमापन होऊ शकते. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूच्या प्रत्येक युनिटला (म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला) किमान ५० पेन्स किंमत ठरवली. शेजारच्या इंग्लंडमध्ये तशी किंमत नव्हती, त्यामुळे कालमालिकेची, म्हणजे दोन्हीकडच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांच्या ओळीची, तुलना करता आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, हा उपाय नसता तर जितके मृत्यू अपेक्षित होते त्यांपेक्षा पूर्णतः दारूमुळे होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज निघाला. विशेष म्हणजे त्या कायद्यातच मूल्यमापनाची तरतूद होती आणि संसदेने मुद्दाम मंजुरी दिली नाही तर तो सहा वर्षांनी आपोआप संपणार होता. नंतर संसदेने तो चालू ठेवला आणि किंमत ६५ पेन्स केली. निकालाची वाट पाहणारी तारीख कायद्यातच असेल, तर अहवाल कपाटात ठेवणे जड जाते.

उंबरठा

काळाचा मुद्दा मान्य. तरी 'पाहणीचे निकाल त्याच वर्षी त्याच शाळेला' ही आइसलँडची सवय घेण्यासारखी आहे, आणि गोरखचिंच सरांची तक्रार नेमकी तीच होती.

गोरखचिंच

अगदी बरोबर. आमच्या शाळेचे आकडे आम्हाला सत्र संपायच्या आत मिळाले, तर प्रश्नावलीला मी स्वतः तीन तासिका देईन.

कोरा_धनादेश

पैशांचे कोणी बोलत नाही, तर मी बोलतो. या क्षेत्रातली बहुतेक कामे प्रकल्पावर आधारित असतात, प्रकल्प संपला की पद संपते, आणि बहुतेकदा ज्याचा कार्यक्रम तपासायचा तोच आपले बिल मंजूर करतो. एका विभागासाठी केलेल्या अहवालाचा मसुदा माझ्याकडे चार वेळा परत आला; प्रत्येक वेळी आकडे तेच राहिले, पण सारांशातली विशेषणे बदलून हवी होती. शेवटी 'ज्ञानात वाढ झाली' हा निष्कर्ष पहिल्या पानावर आणि 'वर्तनात बदल नाही' हा शेवटच्या परिशिष्टात, अशी मांडणी सुचवली गेली. मी नकार दिला आणि पुढचे काम दुसऱ्या संस्थेला गेले. ज्ञान वाढते, ते जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात वाढते. मुलांना पदार्थांची माहिती आधीपेक्षा जास्त होते एवढाच त्याचा अर्थ, आणि निव्वळ माहिती देणाऱ्या कार्यक्रमांनी वर्तन बदलल्याचा पुरावा कधीच धड मिळालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांतही, २०१३ च्या आणि २०१८ च्या, हेच नोंदवलेले आहे.

रानजाई

कोरा_धनादेश यांच्याशी सहमत. पण मधली_ओळ यांना एवढे निराश चित्र दिसू नये. चांगले निकालही असतात, फक्त ते अनपेक्षित ठिकाणी असतात. बाल्टिमोरमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यात पहिलीच्या वर्गांत 'गुड बिहेविअर गेम' नावाचा खेळ यादृच्छिक पद्धतीने तपासला गेला. वर्गाचे संघ पाडायचे आणि नियम पाळणाऱ्या संघांना छोटी बक्षिसे द्यायची, एवढाच तो प्रकार. त्यात अमली पदार्थांचा उल्लेखसुद्धा नाही. तीच मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिले, तर खेळ झालेल्या वर्गांतल्या मुलग्यांमध्ये, विशेषतः पहिलीत आक्रमक असलेल्यांमध्ये, व्यसनाचे विकार कमी आढळले.

आता सांगा, सहा वर्षांच्या मुलांच्या शिस्तीच्या खेळाला व्यसनप्रतिबंधाचा निधी द्या, असे कोणत्या अधिकाऱ्याला मूल्यमापनाशिवाय पटवता आले असते? आणि तेरा-चौदा वर्षे मागोवा घेण्यासाठी कोणीतरी पत्ते जपून ठेवत होते, त्यांचे नाव कोणाला माहीत नसते.

मधली_ओळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. तीन_दशांश यांनी लिहिलेल्या अडचणी वाचून खरे तर काम घ्यावेसे वाटू लागले आहे. पुढच्या आठवड्यात संस्थेशी सविस्तर बोलणे होणार आहे. होकार देण्यापूर्वी मी त्यांना नेमके काय विचारावे?

कोरा_धनादेश

अहवाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे करारात कुठे लिहिले आहे ते दाखवायला सांगा. तोंडी आश्वासन मोजू नका.

तीन_दशांश

मुख्य परिणाम कोणता मोजायचा हे डेटा हाती येण्यापूर्वी लिहून, तारीख घालून कुठे नोंदवतात का, ते विचारा. 'विश्लेषण करताना ठरवू' असे उत्तर आले तर सावध व्हा. वीस परिणाम मोजले तर एखादा योगायोगानेही चमकतोच, आणि मग पत्रकात तोच येतो.

अनुमान

मी एकच प्रश्न विचारेन. कार्यक्रम सुरू झाला आहे का? मूल्यमापकाला आराखडा ठरताना बोलावले तर तो काही उपयोगाचा. सगळे होऊन गेल्यावर बोलावले तर त्याच्याकडून फक्त प्रमाणपत्र हवे असते.

मधली_ओळ

अनुमान, तुमचा प्रश्न मी आजच मेलने विचारला. उत्तर आले की कार्यक्रम काही महिन्यांपूर्वी सुरू झाला आहे, बेसलाइन झालेली नाही, पण मनुष्यबळ कमी असल्यामुळे सगळ्या शाळा एकदम घेतलेल्या नाहीत. उरलेल्या शाळा पुढच्या वर्षी घेणार आहेत.

अनुमान

मग अजून सगळे गेलेले नाही. पुढच्या वर्षीच्या शाळांचा क्रम ठरला आहे का, ते लगेच विचारा. ठरला नसेल तर तो चिठ्ठ्या टाकून ठरवायला सांगा, आणि सगळ्या उरलेल्या शाळांत त्याआधी बेसलाइन घ्या. ज्यांची पाळी उशिरा येईल त्या तोवर तुलनेला राहतील आणि कोणी वंचितही राहणार नाही. ज्या शाळा सुरू झाल्या आहेत त्यांचा डेटा वेगळा ठेवा, त्यांच्यावरून परिणामाबद्दल काहीही लिहू नका. तिथे फक्त सत्रे किती आणि कशी होतात ते पाहा.

तीन_दशांश

आणि उरलेल्या शाळा किती आहेत तो आकडा इथे टाका. मुले किती आहेत ते सांगू नका.